'पॅटर्न' नावाचा लातुरी शब्द

सरकारी कचेरीत नोकरी करणाऱ्या माणसाला 'आकृतिबंध' म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. एखाद्या खात्यात वरच्या वर्गाची पदं किती, लिपिक किती, शिपाई किती, याचा मंजूर तक्ता म्हणजे आकृतिबंध. 'सुधारित आकृतिबंध' आला की बढतीची गणितं बदलतात, आणि तो मंत्रालयात अडकला की भरतीही अडकते. शिक्षण खात्यात हाच शब्द वेगळ्या कामाला आहे. १९७०च्या दशकात जुनी अकरावी मॅट्रिक जाऊन १०+२+३ आला तो आकृतिबंध, आणि २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातला ५+३+३+४ हाही आकृतिबंधच. या दोन्ही शब्दप्रयोगांच्या मागे इंग्रजी शब्द एकच आहे: पॅटर्न. भाषा संचालनालयाच्या वळणाची मराठी लिहिणाऱ्यांनी त्याला एक भारदस्त संस्कृत पेहराव चढवला आणि तो फायलींमध्ये व्यवस्थित बसला. पण त्याच सुमारास हाच शब्द पेहराव न बदलता मराठवाड्यात उतरला आणि लातूरच्या नावाला चिकटला. आज 'लातूर पॅटर्न' म्हटलं की गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत कुणालाही कळतं. 'लातूर आकृतिबंध' म्हणून पाहा. ऐकणाऱ्याला वाटेल, लातूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात नवी पदं मंजूर झाली.

इंग्रजीत या शब्दाचे अर्थ मोजायला बसलं तर बोटं पुरत नाहीत. कापडावरची नक्षी पॅटर्न, शिंप्याचा कागदी कटाव पॅटर्न, ओतकामासाठी लाकडात कोरलेली प्रतिकृती पॅटर्न, माणसाच्या वागण्यातली पुन्हापुन्हा दिसणारी लकब पॅटर्न, धावपट्टी मोकळी होईपर्यंत विमानाने आभाळात घातलेल्या ठरावीक घिरट्या हाही पॅटर्न. क्रिस्टोफर अलेक्झांडर या वास्तुरचनाकाराने १९७७ साली घरं आणि शहरं बांधण्याच्या पद्धतींवर याच शब्दाच्या नावाचं पुस्तक लिहिलं, आणि पुढे संगणकवाल्यांनी तो शब्द तिथून उचलून आपल्या धंद्यात आणला. मूळ मात्र साधं आहे. लॅटिनमध्ये बापाला 'पातेर' म्हणतात. त्यावरून आश्रयदाता, पोशिंदा या अर्थाचा 'पात्रोनुस' झाला आणि त्यावरून जुन्या फ्रेंचमधला 'पात्रों'. ज्याच्याकडे पाहून वागायचं तो धनी, आणि जिच्याकडे पाहून दुसरी घडवायची ती वस्तू, असे दोन्ही अर्थ त्या एका शब्दात होते. इंग्रजीत सुमारे १७००पर्यंत हे दोन अर्थ एकत्र नांदले. मग धन्यासाठी 'पेट्रन' आणि वस्तूसाठी 'पॅटर्न' अशा वाटण्या झाल्या. नक्षी, लकब, पुनरावृत्ती हे अर्थ त्यानंतर वाढत गेले.

हा सगळा पसारा दोन मुख्य अर्थांत मावतो. एक, आधी घडवलेली गोष्ट, जिच्यावरून पुढच्या गोष्टी काढायच्या. दुसरा, अनेक गोष्टी घडून गेल्यावर त्यांच्याकडे मागे वळून पाहताना जाणवणारी संगती. पहिला पॅटर्न कारागिराच्या हातात असतो, दुसरा पाहणाऱ्याच्या डोळ्यात. पहिल्यावरून नक्कल काढता येते. दुसरा फक्त ओळखता येतो. लातूरच्या बाबतीत, आणि लातूरचं पाहून महाराष्ट्राने पुढे बनवलेल्या बऱ्याच 'अमुक पॅटर्न'च्या बाबतीत, या दोन अर्थांची सरमिसळ झाली आणि ती आपल्याला महागात पडली, असं माझं म्हणणं आहे. मागाहून दिसलेली संगती आपण आधी घडवलेला साचा मानली आणि तो साचा उचलून दुसरीकडे नेऊन ठेवला, की तिथेही तेच उगवेल असं धरून चाललो.

आधी शब्द रोजच्या वापरात कुठे कुठे भेटतो ते पाहू. लातूर-नांदेडच्या पोरांच्या तोंडी तो दिवसातून दहा वेळा येतो, आणि दर वेळी त्याचा अर्थ वेगळा असतो. मोबाइल उघडायला बोटाने नऊ ठिपक्यांवरून ओढायची रेघ म्हणजे पॅटर्न. 'पॅटर्न टाक की' असं म्हणत भावाचा फोन बहिणीपुढे सरकतो. पुस्तकाच्या दुकानात 'नव्या पॅटर्नचं द्या' म्हटलं की दुकानदार फक्त 'कोणतं वर्ष?' एवढंच विचारतो, कारण स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला जुना पॅटर्न आणि नवा पॅटर्न यांत चुकून चालत नाही. विषय राहिला असेल तर पेपर जुन्या पॅटर्नने द्यायचा की नव्या, यावर त्याचं वर्ष अवलंबून असतं. स्पर्धा परीक्षावाल्यांच्या जगात तर या शब्दावरून आंदोलन झालं. राज्यसेवेची मुख्य परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या धर्तीवर लेखी स्वरूपात २०२३पासूनच घ्यायची, असं महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने ठरवलं तेव्हा विद्यार्थी पुण्यात रस्त्यावर बसले, आणि तो बदल २०२५वर गेला. शिवणकाम करणाऱ्या बाईकडे ब्लाउजच्या गळ्याचे पॅटर्न असतात. हवामानाच्या बातमीत 'पावसाचा पॅटर्न बदलला' हे वाक्य आता दर पावसाळ्यात येतं. आणि कट्ट्यावर एखाद्याच्या तऱ्हेवाईकपणाचं कौतुक करायचं तर 'लई पॅटर्न माणूस हाय' असं म्हणून मोकळं व्हायचं. तिथे शब्द चक्क विशेषण झाला.

तो कुठे जात नाही, हेही तितकंच बोलकं आहे. सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या एक-दोन ओळी घालायच्या पेरणीला लातूरचा शेतकरी पॅटर्न म्हणत नाही. ती पट्टा पद्धत. कृषी विद्यापीठाच्या अहवालातला 'क्रॉप पॅटर्न' बांधावर पोचेपर्यंत पीक पद्धत झालेला असतो. पाऊस बदलल्याची तक्रार शेतकरीही करतो, पण त्याच्या तोंडी 'मिरग कोरडा गेला' हे येतं. आणि गंमत म्हणजे इंग्रज माणूस लातुरात येऊन ज्या एका गोष्टीला पाहताक्षणी पॅटर्न म्हणेल, ती गंजगोलाई. मधोमध गोल इमारत आणि तिच्यापासून फुटणारे सोळा रस्ते, एकेका रस्त्याला एकेक व्यापार. नकाशात ती एखाद्या रांगोळीसारखी दिसते. तिला कुणी कधी पॅटर्न म्हटलेलं नाही. म्हणजे नक्षी हा इंग्रजीतला सगळ्यात नेहमीचा अर्थ इथे शिवणकामापुरता उरला आणि जिथे आपल्याजवळ चालता शब्द होता तिथे या पाहुण्याला कुणी दार उघडलं नाही. ज्या जागा रिकाम्या होत्या तिथेच तो शिरला: परीक्षा, यंत्रं, वर्तमानपत्रं आणि लौकिक.

यातला लौकिक लातूरने कमावला. निजामाच्या राजवटीत मराठवाड्यात शाळा-महाविद्यालयांची वानवा होती. १९४८च्या सप्टेंबरात मुक्ती मिळाली, १९५०मध्ये नांदेडात स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने पीपल्स कॉलेज उभं राहिलं, १९५८मध्ये औरंगाबादला विद्यापीठ आलं. लातुरात दयानंद महाविद्यालय १९६१चं आणि राजर्षी शाहू महाविद्यालय १९७०चं. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातलं व्यापारी गाव होतं, मोंढ्यासाठी ओळखलं जाणारं; स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२मध्ये. शाहू महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य जनार्दन वाघमारे हे इंग्रजीचे प्राध्यापक आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्याचे अभ्यासक. पुढे १९९४मध्ये नांदेडला नवं विद्यापीठ झालं तेव्हा त्याचे पहिले कुलगुरूही तेच. त्यांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या काळात १९८०च्या दशकात जे आकाराला आलं ते सांगायला अगदी साधं आहे. बारावीचा अभ्यास उन्हाळ्याच्या सुटीतच सुरू करायचा. दिवाळीच्या आसपास तो संपवायचा. मग उरलेले महिने उजळणी आणि सराव चाचण्या. चाचणीचा पेपर तपासून परत द्यायचा, गुण का गेले ते दाखवायचं, पुन्हा चाचणी घ्यायची. शिक्षकांनी सुटी विसरायची, पालकांना बोलावून मुलाची प्रगती समोर ठेवायची. यात मेंदूविज्ञान नाही की नवं तंत्रज्ञान नाही.

फळ मात्र असं आलं की पुण्या-मुंबईला मान वळवून पाहावं लागलं. तेव्हा बोर्डाची गुणवत्ता यादी लागायची, यादीतल्या मुलांचे फोटो पेढा भरवतानाच्या पोझमध्ये वर्तमानपत्रांत यायचे, आणि वैद्यकीय-अभियांत्रिकीचे प्रवेश बारावीच्या गुणांवर व्हायचे. त्या यादीत दरवर्षी लातूरची नावं येऊ लागली. एकदा आली तर योगायोग, दुसऱ्यांदा कौतुक. दरवर्षी येऊ लागल्यावर त्या गोष्टीला नाव द्यावं लागतं. इथे पॅटर्न हा शब्द दोन्ही अर्थांनी खरा होता. निकालांची दरवर्षीची पुनरावृत्ती हा दिसलेला पॅटर्न, आणि दिवाळीआधी अभ्यासक्रम संपवण्याची शिस्त हा घडवलेला पॅटर्न. नाव एकच मिळाल्यामुळे सगळ्यांनी धरून टाकलं की दिसलेल्या पॅटर्नचं संपूर्ण कारण घडवलेला पॅटर्न आहे. राज्यभरच्या महाविद्यालयांनी लातूरला माणसं पाठवली, वेळापत्रकं आणली, 'लातूर पॅटर्न राबवतो' अशा पाट्या लावल्या. बहुतेक ठिकाणी वेळापत्रक पोचलं. निकाल पोचला नाही.

कारण वेळापत्रकात न लिहिलेलं बरंच काही लातुरात होतं. मराठवाड्यात मोठे कारखाने नव्हते आणि पाऊस भरवशाचा नव्हता. चार-पाच एकर कोरडवाहू असलेल्या घराला वर काढायला मुलाची डॉक्टरकी किंवा इंजिनिअरकी हा दिसणारा जवळजवळ एकच दोर होता. त्यामुळे हुशार पोर निवडून लातूरला ठेवायचं, त्यासाठी जमीन गहाण टाकायची किंवा आईने पोराबरोबर खोली करून राहायचं, हे अहमदपूर, निलंगा, मुखेड, कंधारच्या गावांत रुळत गेलं. आधीच निवडलेली, आधीच पेटलेली मुलं एका शहरात गोळा झाली. त्यांच्यासाठी खोल्या, मेस, डबे, अभ्यासिका यांचं एक अख्खं बाजारपेठी जाळं उभं राहिलं. आज लातुरात रिक्षावाल्याला 'ट्यूशन एरिया' एवढंच सांगितलं तरी पुरतं. ही भूक, ही निवड आणि हे शहर पाटीवर लिहून दुसऱ्या गावी नेता येत नाही. कोल्हापूरच्या फाउंड्रीत लाकडी पॅटर्न घडवणाऱ्याला हे कुणी सांगावं लागत नाही. हवा असलेल्या भागाच्या हुबेहूब मापाचा पॅटर्न तो कधीच करत नाही, थोडा मोठा करतो. कारण साच्यात ओतलेला धातू निवताना आक्रसतो, ओतीव लोखंड सुमारे एक टक्का, पोलाद सुमारे दोन टक्के. कोणता धातू ओतणार हे कळल्याशिवाय तो पॅटर्नला हात घालत नाही. लातूरचा पॅटर्न नेणाऱ्यांनी धातू विचारलाच नाही.

यावर लातूरकर जो आक्षेप घेतील तो रास्त आहे: 'म्हणजे आमच्या मास्तरांनी काही केलंच नाही, परिस्थितीने केलं, असं म्हणायचंय का?' तसं नाही. परिस्थिती बीडचीही तीच होती, परभणीचीही तीच होती. लातुरात ती वापरणारी माणसं होती, आणि त्यांनी पद्धत विचार करून बांधली. पण ती पद्धत कशासाठी बांधली होती ते पाहिलं पाहिजे. ती बोर्डाच्या लेखी परीक्षेसाठी होती. पुढे प्रवेश परीक्षा आली, बोर्डाने गुणवत्ता यादी लावणं बंद केलं, आणि २०१६नंतर वैद्यकीयसाठी देशभर एकच 'नीट' झाली: चार पर्यायांतला एक रंगवायचा, चुकलं तर गुण कापले जाणार. मूळ पद्धतीतली सुवाच्य उत्तरं, मुद्देसूद मांडणी, प्रमेयांचं पाठांतर यांना तिथे किंमत नाही. लातूर तरीही पुढेच राहिलं. पण ज्या रीतीने पुढे राहिलं ती मूळची नव्हे. महाविद्यालयांचं केंद्र सरकून खासगी क्लासकडे गेलं, बारावीनंतर एक वर्ष पुन्हा तयारी करणाऱ्यांच्या 'रिपीटर' तुकड्या आल्या, चाचण्या संगणकावर तपासल्या जाऊ लागल्या. पद्धत बदलली, माणसं बदलली, परीक्षा बदलली. नाव तेच राहिलं. म्हणजे 'लातूर पॅटर्न' हे आता कुठल्याही एका पद्धतीचं नाव उरलेलं नाही. ती एक नाममुद्रा आहे. शेजारच्या नांदेडकडे पाहिलं तर ते आणखी स्पष्ट होतं. भाग्यनगर, श्रीनगर भागांतले क्लास, तिथली गर्दी, तिथून वैद्यकीयला लागणारी मुलं, सगळं लातूरच्या तोडीचं. पण 'नांदेड पॅटर्न' हा शब्द जिभेवर तेवढा रुळला नाही. काम असूनही नाव मिळेलच असं नाही, आणि नाव मिळालं की ते काम बदललं तरी टिकतं.

नावाला टिकाव असतो तसा धोकाही. निकालाची कीर्ती मराठवाडाभर पसरली तरी वैद्यकीयच्या जागा इथे मोजक्या महाविद्यालयांतच होत्या, आणि ७०:३० या विभागीय कोट्यामुळे बाहेरच्या विभागांत इथल्या मुलांना मर्यादित वाव होता. चांगले गुण मिळवूनही प्रवेश हुकल्याची ओरड वर्षानुवर्षं चालली आणि सप्टेंबर २०२०मध्ये तो कोटा रद्द झाला. जून २०२४मध्ये नीटच्या गैरव्यवहाराचा तपास लातूरपर्यंत पोचला, तेव्हा तोच दोन शब्दांचा जोड उपरोधाने वापरायला कुणाला फार कष्ट पडले नाहीत. कौतुकाचं नाव टोमण्यात बदलायला एक उद्गारचिन्ह पुरतं.

लातूरने घालून दिलेला हा घाट, गावाचं नाव आणि पुढे पॅटर्न, महाराष्ट्राने इतका उचलला की आता तो मराठीचा एक प्रत्ययच झाला आहे. राजकारणात प्रकाश आंबेडकरांच्या बहुजन महासंघाच्या प्रयोगाला 'अकोला पॅटर्न' म्हटलं गेलं. पाण्याच्या क्षेत्रात धुळे जिल्ह्यातला 'शिरपूर पॅटर्न' आला. सुरेश खानापूरकर या भूजलतज्ज्ञाने नाले खोल आणि रुंद करून त्यांवर लहान बंधारे घातले आणि विहिरींना पाणी आलं. तिथे तापी खोऱ्याची गाळाची जमीन होती आणि तिचे थर वाचणारा माणूस होता. नंतर राज्यभर नाल्यांत पोकलेन उतरले, मराठवाड्याच्या काळ्या कातळातही उतरले, आणि खोलीकरण एवढाच भाग पुढे गेला. राज्य सरकारच्या जलयुक्त शिवार योजनेतल्या अशा अशास्त्रीय कामांविरुद्ध अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा यांना उच्च न्यायालयात जावं लागलं आणि जॉनी जोसेफ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. म्हणजे तीच चूक: शिरपूरला दिसलेल्या परिणामाला यंत्राने करायच्या एका कृतीचं नाव दिलं गेलं.

'बीड पॅटर्न'चं मात्र वेगळं झालं, आणि ते माझ्या म्हणण्याच्या आड येऊ शकतं म्हणून ते नीट पाहायला हवं. २०२०च्या खरिपात बीड जिल्ह्यात पीक विम्याला कंपन्या पुढे येईनात. तेव्हा भारतीय कृषी विमा कंपनीबरोबर ८०:११० असं सूत्र ठरलं. गोळा झालेल्या हप्त्याच्या ११० टक्क्यांपर्यंतची भरपाई कंपनीने द्यायची, त्यावरची सरकारने. भरपाई ८० टक्क्यांहून कमी झाली तर कंपनीने हप्त्याचा २० टक्के भाग ठेवून उरलेली रक्कम सरकारला परत करायची. हे सूत्र पुढे राज्यभर लागूही झालं. इथे नक्कल जमली, कारण हा पॅटर्न पहिल्या अर्थाचा होता: आकडे, अटी, जबाबदाऱ्या, सगळं कागदावर आधी लिहिलेलं. जे लिहिलं होतं ते नेता आलं. पुढे एक रुपयात विमा सुरू झाला, बनावट अर्जांचा बोभाटा झाला, त्यात बीडचंही नाव आलं आणि २०२५मध्ये एक रुपयाची योजना गुंडाळली गेली, ही वेगळी कहाणी. पण त्यामुळे सूत्राची नक्कल करता येत होती हे खोटं ठरत नाही.

दुसऱ्या टोकाला 'मुळशी पॅटर्न' आहे. प्रवीण तरडे यांचा हा चित्रपट २०१८चा. पुण्याच्या वेशीवरच्या जमिनी विकल्या जातात, पैसा उडतो, आणि शेतकऱ्याची पोरं गुन्हेगारीत ओढली जातात. हे कुणी राबवलेलं नाही. हे फक्त पुन्हापुन्हा घडलेलं आहे. शुद्ध दुसरा अर्थ. नावाची धार मात्र लातूरमुळे आली. गावाच्या नावापुढे पॅटर्न लागला की काहीतरी अनुकरणीय ऐकायला मिळणार, अशी मराठी कानाला सवय झालेली होती म्हणूनच तो उपरोध चावला. याचा पुरावा हिंदीत मिळतो. २०२१मध्ये या चित्रपटाची हिंदी आवृत्ती निघाली तेव्हा तिचं नाव 'अंतिम' ठेवलं गेलं. मुळशी हिंदी प्रेक्षकाला अनोळखी हे एक कारण. पण हिंदी कानाला 'पॅटर्न'मध्येही काही ऐकू येत नाही, हे दुसरं.

आता भाषेच्या कैवाऱ्यांचा आक्षेप. मराठीत शब्द असताना हा परका कशाला? शब्द आहेत, खरं. पण एकेक लावून पाहा. 'नमुना' सगळ्यात जवळचा, आणि तोही फारसीतून आलेला. पण मराठीत माणसाला नमुना म्हटलं की ती शोभा झाली. 'लातूर नमुना' ऐकून हसू येईल. 'साचा' म्हटलं की साचेबद्ध आठवतं आणि कौतुक जागीच संपतं. 'कित्ता' फार गोड शब्द आहे, पण तो गिरवणाऱ्याच्या बाजूने आहे, ज्याचा गिरवायचा त्याच्या बाजूने नाही. 'आदर्श' हा शब्द आदर्श गाव योजनेत शोभला. २०१०नंतर मुंबईतल्या त्याच नावाच्या एका इमारतीच्या घोटाळ्यामुळे त्याचं महाराष्ट्रात काय झालं हे नांदेडच्या वाचकाला सांगायला नको. 'पद्धत' निरोगी आहे पण बेचव. तिच्यात यशाचा वास नाही. उरला 'मॉडेल'. इंग्रजी वर्तमानपत्रं बीडच्या सूत्राला मॉडेलच म्हणतात, आणि आपणही गुजरातला मॉडेल म्हणतो. पण लातूरला म्हणत नाही, कारण लातूरचा शब्द परीक्षेच्या दालनातून आला. 'पेपर पॅटर्न' विद्यार्थ्याच्या तोंडी होताच, त्याच्या शेजारी 'लातूर पॅटर्न' आपसूक बसला. गेल्या वर्ष-दोन वर्षांत राज्याच्या शाळांत 'सीबीएसई पॅटर्न' आणण्याचं ठरलं, तेव्हा मंत्र्यांपासून पालकांपर्यंत कुणीही आकृतिबंध म्हटलं नाही, यावरून या वादाचा निकाल लागला असं समजायला हरकत नाही.

एका शब्दाला इतके अर्थ दिल्यावर गोंधळ होणारच, असं कुणी म्हणेल. पण नुसत्या अर्थांच्या संख्येने गोंधळ होत नाही. अस्सल मराठी 'पट्टी' घ्या. मुलाच्या दप्तरातली पट्टी, जखमेवरची पट्टी, गायकाची पट्टी, घरपट्टी आणि पाणीपट्टी, आणि लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन विकल्यावर आडत्याने हातात दिलेली, हमाली-तोलाई कापून उरलेले पैसे दाखवणारी पट्टी. यांत कुणी चुकत नाही, कारण आपण पट्टी मारतो, बांधतो, चढवतो, भरतो आणि घेतो. क्रियापद आलं की अर्थ ठरला. पॅटर्नचंही मराठीने हेच केलं आहे. फोनचा पॅटर्न टाकायचा, परीक्षेचा पॅटर्न बदलतो, पावसाचा बिघडतो, गुन्ह्याचा पॅटर्न पोलीस ओळखतात, आणि यशाचा पॅटर्न राबवतात. इंग्रजीने एका शब्दात कोंबलेले अर्थ मराठी बोलणाऱ्याने क्रियापदांच्या आधारे वेगळे केले, आणि हे त्याला कुठल्या कोशकाराने शिकवलं नाही.

फसगत होते ती क्रियापद गळतं तिथे. मथळ्यात गळतं, शासन निर्णयाच्या शीर्षकात गळतं, आणि निकालाच्या हंगामात लातूर-नांदेडच्या चौकाचौकांत लागणाऱ्या फलकांवर तर हमखास गळतं. फलकावर पन्नास मुलांचे पासपोर्ट फोटो, प्रत्येकाखाली गुण, वर ठळक अक्षरांत 'लातूर पॅटर्न', आणि खाली नव्या तुकडीची तारीख. ही पन्नास मुलं काय केल्याने तिथे पोचली, की कोणती मुलं तिथे आधीपासून जमा झाली होती, हे त्या दोन शब्दांतून कळत नाही. मुखेडहून किंवा जळकोटहून आलेला बाप फलकावरचे गुण वाचतो, मग सगळ्यात खालचा फोन नंबर लिहून घेतो आणि फीचे हप्ते किती ते विचारायला आत जातो.